ती जाहिरात पाठ सोडेना!

दादरला रानडे रोडवर आईबरोबर साडी बघायला गेलायत कधी? वीस साड्या उलगडायला लावायच्या आणि 'जरा पुढे बघून येतो' म्हणत सटकायचं! पंधरा दिवसांनी पुन्हा गेलं तर दुकानदार हसून म्हणतो, "ताई, ती मोरपिशी अजून आहे हं." बरं वाटतं. पण हाच माणूस साडी घेऊन लालबागला नवसाच्या रांगेत, मग लायब्ररीत, रात्री होस्टेलच्या खोलीत आला तर? इंटरनेटवर हे रोज चालतं. नाव रीटार्गेटिंग.

यात जादू काही नाही. साइट उघडली की तिच्यातला जाहिरात कंपनीचा छोटा कोड आपल्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे एक ओळख-नंबर ठेवतो. नंतर आपण क्रिकेटचा स्कोअर बघायला गेलो तरी तो नंबर ओळखला जातो, क्षणार्धात जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो आणि मोरपिशी हजर! घेतल्यावरही ती दिसत राहते, हा तर निव्वळ मठ्ठपणा. सफारीने २०२० मध्ये अशा परक्या कुकीज सरसकट अडवल्या. क्रोमही अडवणार होता, पण २०२४ मध्ये गूगलने तो बेत सोडला. धंदाच जाहिरातीचा, दुसरं काय होणार?

साडीचं ठीक आहे हो. माझी एक मैत्रीण लालबागला चाळीत राहते. घरात एकच लॅपटॉप. तिला इंजिनिअरिंग सोडून अ‍ॅनिमेशन करायचंय. कुणाला न सांगता तिने एका इन्स्टिट्यूटचा फॉर्म अर्धा भरला आणि बंद केला. झालं! आठवडाभर बाबांच्या बातम्यांशेजारी 'प्रवेश अर्धवट राहिलाय? आजच पूर्ण करा!'

मला वाटतं, गिऱ्हाईकाला पुन्हा हाक मारायचा दुकानदाराला हक्क आहे. पण एकदोनदा, आणि तीही साडी-बुटांसाठी. कोर्स, कर्ज, नोकरी असल्या गोष्टी माणूस आधी स्वतःशीच ठरवत असतो, तिथे गप्प बसावं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांचा असा माग काढायला मनाई लिहिलीय. आम्ही विशीतले, म्हणजे मोकळं रान! आणि गंमत म्हणजे प्लेसमेंटनंतर हा कोड लिहायला आपल्यातलेच काहीजण बसणार आहेत. किती वेळा दाखवायचं, कधी थांबायचं, हे आकडे कुणीतरी हातानेच टाकतं ना?

मैत्रीण आता सगळं इन्कॉग्निटोत बघते. परवा जेवताना बाबांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "अ‍ॅनिमेशनला फी किती असते गं?"