मदत त्यांची, मग आराखडा कुणाचा?

बेघर म्हटले की पदपथावर झोपलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. तरुणांचे बेघरपण मात्र बहुधा दृष्टीआड राहते. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ‘चॅपिन हॉल’ या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत १८ ते २५ या वयोगटातील दर दहांपैकी एकावर वर्षभरात केव्हा ना केव्हा बेघर होण्याची वेळ आली होती. यात आज या मित्राकडे, तर उद्या त्या परिचिताकडे रात्र काढणारेही होते.

अशा तरुणांना निवाऱ्यातील खाटेऐवजी थेट रोख रक्कम द्यावी, हा विचार तेथे मूळ धरत आहे. पैसा हाती पडला की तो व्यसनात जाईल, ही त्यावरील नेहमीची शंका. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात ५० बेघर प्रौढांना प्रत्येकी साडेसात हजार कॅनेडियन डॉलर एकरकमी देण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रक्कम न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचे बेघरपणाचे दिवस वर्षभरात सरासरी ९९ ने घटले आणि व्यसनांवरील खर्च वाढला नाही. मात्र, गंभीर व्यसनाधीनता वा मानसिक आजार असलेल्यांना या प्रयोगातून वगळले होते, हे विसरता येणार नाही.

न्यूयॉर्कमध्ये २०२२ साली सुरू झालेला ‘ट्रस्ट यूथ’ उपक्रम एक पाऊल पुढे गेला. १८ ते २४ वर्षांच्या तरुणांना दोन वर्षांपर्यंत दरमहा साडेबाराशे डॉलर देण्याची ही योजना आखतानाच, बेघरपण सोसलेल्या तरुणांना चर्चेत सामील करून घेण्यात आले. त्यातून योजनेची घडण बदलली. पैसे कोणत्या मार्गाने घ्यायचे, याची निवड लाभार्थीकडे आली. समुपदेशन, घरशोधणीस साह्य आदी सेवा उपलब्ध राहिल्या, परंतु त्या घेण्याची सक्ती नव्हती. बँक खाते नसणे किंवा या पैशामुळे दुसरी सरकारी सवलत गमावणे, हे धोके कार्यालयात बसलेल्याला किरकोळ वाटतात. ते भोगणाऱ्याच्या दृष्टीने योजना तेथेच कोलमडते.

अर्थात, सहभागालाही मर्यादा आहेत. चार तरुणांना बैठकीस बोलावून आधीच ठरलेल्या मसुद्यावर मान डोलवायला लावणे म्हणजे सहभाग नव्हे. त्यांच्या वेळेचा मोबदला आणि निर्णयात मत, दोन्ही द्यावे लागेल. शिवाय घरभाडे भडकलेल्या शहरात दोन वर्षांनी मदत थांबल्यावर काय, या प्रश्नाचे उत्तर केवळ रोख रकमेत नाही. परवडणारी घरे उभारण्याची जबाबदारी शासनावर राहतेच.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. बालगृहातील मुलाला १८ वर्षे पूर्ण होताच बाहेर पडावे लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशांसाठी आर्थिक साह्याची तरतूद आहे, अनुरक्षण गृहांची सोय आहे. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये दरमहा चार हजार रुपयांची तरतूदही आहे. पण पुण्या-मुंबईत खोलीची अनामतच त्याच्या कित्येक पट असते. ही रक्कम केव्हा, कशी आणि कोणत्या कागदपत्रांवर मिळावी, हे ठरवताना बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणांना विचारायला हवे. त्यांच्यासाठी योजना आखायची, तर पहिली खुर्ची त्यांचीच असली पाहिजे.