नकाशातच सूर्याला जागा द्या!

घर घेणाऱ्या, घरे बांधणाऱ्या आणि नकाशे मंजूर करणाऱ्या सर्वांसाठी



पुण्याच्या चारी बाजूंना नव्या इमारती उठत आहेत. जाहिरातीत क्लबहाउस दिसते, पोहण्याचा तलाव दिसतो. गच्चीचा नकाशा कुणी दाखवत नाही. ताबा मिळाल्यावर सोसायटी सौर पॅनेल बसवायला निघते, तेव्हा उलगडा होतो. टाकी दक्षिणेला, शेजारी लिफ्टची मशीन रूम, उरलेल्या जागेत पाइपांचे जाळे. मीटर रूमपर्यंत केबल न्यायला डक्टच नाही. मग नवेकोरे वॉटरप्रूफिंग फोडा आणि पहिल्या पावसात गळती भोगा. हा भुर्दंड बिल्डर भरत नाही, आपण भरतो.

पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. तेव्हा १० फूट उंचीच्या टाकीची सावली उत्तरेकडे ९ फूट पडते. सकाळी साडेनऊला तीच जवळपास १८ फूट. पॅनेलमधले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली आली तरी वीज त्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी जास्त घटते. टाकी उत्तरेच्या कडेला घेतली, तर हे नुकसान बव्हंशी टळते. नकाशा कागदावर असताना हा बदल जवळजवळ फुकट होतो. स्लॅब पडल्यावर तो होतच नाही.

‘उंच इमारतीची गच्ची सगळ्या फ्लॅटना पुरणार नाही,’ असे सांगितले जाते. नसेल पुरत, पण सामायिक मीटरचे काय? १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. २,००० चौरस फुटांत रोजची ८० युनिट! लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा मोठा भार त्यावर निघतो आणि मेंटेनन्स हलका होतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदानही आहे. अनुदान आहे, ऊन आहे. जागा मात्र आपणच अडवून ठेवतो.

म्हणून आमच्या मागण्या :

१. टाकी, मशीन रूम आणि जिन्याचे छप्पर शक्य तितके उत्तरेकडे घ्या.
२. दक्षिणेकडची सलग जागा मंजूर नकाशात ‘सौर राखीव’ दाखवा. तिथे मोबाइल टॉवर नको, होर्डिंग नको.
३. गच्ची ते मीटर रूम स्वतंत्र डक्ट द्या. पॅनेलच्या स्टँडचे पाये वॉटरप्रूफिंगआधीच बांधा. त्यांचे वजन आणि वाऱ्याचा जोर स्लॅबच्या डिझाइनमध्ये धरा.
४. सामायिक गच्ची कुणाला विकू नका. २०१६ च्या रेरा कायद्याने गच्ची सामायिक क्षेत्रात धरली आहे.
५. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी पालिकेच्या अभियंत्याने स्वतः गच्चीवर चढून हे सर्व तपासावे.

घर घेणाऱ्यांनो, बुकिंगचा चेक देण्याआधी गच्चीचा नकाशा मागा. टाकी कुठे आहे, डक्ट कुठे आहे, विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका, करारनाम्यात लिहून घ्या. दहा ग्राहकांनी हा आग्रह धरला, तर अकराव्यासाठी बिल्डर आपणहून नकाशा बदलेल.

वाचून झाल्यावर हे पत्रक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा.

— पुणे परिसरातील काही फ्लॅटधारक