दफ्तर जळते, नक्कल उरते

#धागा #इतिहास #पनवेल

१/१० जळालेल्या दफ्तरांबद्दल हळहळणारी पिढी स्वतःची साधने कोठे ठेवते? किल्ल्यांची मोजमापे, मोडी पत्रांची लिप्यंतरे, शिलालेखांची वाचने आज संकेतस्थळांवर आहेत. पुष्कळदा त्यांची प्रत एकच असते आणि तीही एकाच डेटाबेसमध्ये. पनवेल परिसरातील दोन गोष्टी या संदर्भात ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

२/१० पहिली गोष्ट शिरढोणची. पनवेलजवळच्या या गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. १८७९ च्या बंडाच्या काळात त्यांनी आत्मवृत्त व रोजनिशी लिहिली. दोन्ही पोलिसांच्या हाती लागली, खटल्यात पुरावा म्हणून आली आणि त्यांची इंग्रजी भाषांतरे सरकारी दफ्तरात राहिली. १९५७ साली मुंबई सरकारने छापलेल्या स्वातंत्र्यचळवळीच्या साधनखंडातून ती अभ्यासकांपर्यंत पोहोचली. बंडखोराचे शब्द टिकले ते शत्रूच्या कचेरीने नक्कल केली म्हणून!

३/१० त्याच वर्षी, १३ मे रोजी, पुण्यातील बुधवार वाडा आगीत भस्मसात झाला. पेशवाईतला हा वाडा तेव्हा सरकारी कचेऱ्यांच्या उपयोगात होता. एका रात्रीत तो गेला. इमारत भक्कम असणे आणि तिच्यातील मजकूर सुरक्षित असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

४/१० दुसरी गोष्ट आजच्या पनवेलची. जुलै २०२० मध्ये येथे योट्टा कंपनीचे ‘एनएम १’ हे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले. अखंड वीज, शीतकरण, अग्निशमन, पहारा अशी सारी व्यवस्था अशा ठिकाणी असते. म्हणून ‘सर्व्हर चांगल्या ठिकाणी आहे, मग चिंता कसली?’ असे अनेकांना वाटते. हा समज धोक्याचा आहे.

५/१० १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून गेले. लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. ज्यांची नक्कल दुसऱ्या ठिकाणी होती ते पुन्हा उभे राहिले. ज्यांची नव्हती त्यांचा मजकूर कायमचा गेला. बुधवार वाड्याचाच हा नवा अवतार.

६/१० आग तरी क्वचित लागते. चूक मात्र रोजची. एक चुकीची आज्ञा टेबल पुसून टाकते आणि पहारेकरी ते रोखू शकत नाही. डेटाबेसचे प्रतिबिंब दुसऱ्या सर्व्हरवर असले, तर पुसलेलेही तिकडे क्षणात उमटते. प्रतिबिंब म्हणजे नक्कल नव्हे. नक्कल ती, जी कालच्या तारखेला थांबलेली असते.

७/१० अशी नक्कल करण्याचे साधन साधे आहे. वर्डप्रेससारख्या संकेतस्थळांचा मजकूर मायएसक्यूएल वा मारियाडीबीत असतो. कमांड लाइनवर ‘मायएसक्यूएलडंप’ ही आज्ञा दिली, की सर्व टेबले त्यांच्या रचनेसह एका मजकुराच्या फाइलमध्ये उतरतात. ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय जोडला, तर इनोडीबी टेबलांची एकाच क्षणाची सुसंगत प्रत मिळते. संकेतस्थळ बंद ठेवावे लागत नाही. ‘जीझिप’ने फाइल लहान होते. नावात तारीख घालावी आणि ‘आरसिंक’ने ती दुसऱ्या गावातील यंत्रावर पाठवावी.

८/१० हे ब्राउझरमधून का करू नये? मोठ्या डेटाबेसवर तिथे वेळेची व फाइलच्या आकाराची मर्यादा आडवी येते, आणि माणूस विसरतो. कमांड एकदा लिहून ‘क्रॉन’कडे सोपवली, की ती रोज पहाटे आपोआप चालते. दोन पथ्ये मात्र पाळावीत. छायाचित्रे डेटाबेसमध्ये नसतात; त्यांच्या फोल्डरची नक्कल वेगळी घ्यावी. अक्षरसंच ‘यूटीएफ-८’ असल्याची खात्री करावी. नाहीतर परत भरताना देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात.

९/१० नक्कल घेतली, एवढ्याने काम संपत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसच पुसला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या; ऐन वेळी बहुतेक निकामी निघाल्या. नित्याचा डंप अयशस्वी होत होता आणि त्याची सूचना कोणापर्यंत पोहोचत नव्हती. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती होती, म्हणून निभावले. मूळ पत्राशी ताडून पाहिल्यावाचून नक्कल खरी मानत नाहीत. तसेच कोऱ्या डेटाबेसमध्ये भरून पाहिल्यावाचून बॅकअप खरा मानू नये.

१०/१० ‘आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, तंत्रज्ञ नव्हे,’ हा युक्तिवाद टिकत नाही. राजवाड्यांनी गावोगावची दफ्तरे पाहिली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड छापले. छापणे म्हणजे शेकडो प्रती शेकडो घरांत पोहोचवणे. मूळ कागद पुढे वाळवीने खाल्ले तरी वाचन उरते. आज जो साधने संकेतस्थळावर प्रसिद्ध करतो, त्याच्यावर हीच जबाबदारी आहे. फडक्यांच्या रोजनिशीला सरकारी दफ्तर लाभले. आपल्या लिप्यंतरांची नक्कल कोणतेही सरकार आपणहून ठेवणार नाही. ती ज्याची त्यानेच करायची आहे. दोन ओळींची आज्ञा त्यासाठी पुरेशी आहे.