धर्मयुद्धाचा जमाखर्च

आपल्या अभ्यासवर्गांतून एक युक्तिवाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. १६६५ साली पुरंदरला वेढा घालणारा मिर्झाराजा जयसिंग हिंदू होता, आणि १७६१ साली पानिपतावर अब्दालीच्या फौजेवर तोफा डागणारा इब्राहिमखान गारदी मुसलमान होता. सबब युद्धे सत्तेसाठी व संपत्तीसाठी होतात, धर्म हा केवळ मुखवटा. जातीयवादी प्रचाराला उत्तर म्हणून ही उदाहरणे खरी आहेत आणि ती देत राहिलेच पाहिजे. परंतु त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष अर्धवट आहे. युद्धज्वर चढलेल्या गावात हा निष्कर्ष घेऊन उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्याची मोठी पंचाईत होते, कारण समोरचा माणूस त्या वेळी जमाखर्च ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो.

हा प्रश्न मुळातून तपासण्यास १६१८ ते १६४८ या काळात जर्मन भूमीवर झालेले तीस वर्षांचे युद्ध फार उपयोगी आहे. एका बाजूस कॅथॉलिक सम्राट, दुसऱ्या बाजूस प्रोटेस्टंट संस्थानिक, असे त्याचे वर्णन पाठ्यपुस्तकात असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र प्रथम विचारावे की, पैसा कोणी पुरवला?

प्रोटेस्टंटांचा तारणहार म्हणून जर्मनीत उतरलेला स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ याला जानेवारी १६३१च्या तहान्वये फ्रान्सकडून दरसाल चार लाख थेलर मिळू लागले. ते देण्याचे धोरण होते रिशेल्यूचे. हा गृहस्थ रोमन चर्चचा कार्डिनल होता, आणि तीनच वर्षांपूर्वी त्याने आपल्या देशातील ला रोशेलच्या प्रोटेस्टंटांना उपासमारीने शरण आणले होते! कॅथॉलिक सम्राटाच्या बाजूस काय चित्र होते? त्याचा सेनापती वालेनश्टाइन जन्माने प्रोटेस्टंट, पुढे कॅथॉलिक झालेला. त्याच्या प्रचंड सैन्यासाठी कर्ज उभे करणारा प्रागचा सावकार हान्स द विट्टे हा कॅल्व्हिनपंथी होता आणि अखेरपर्यंत तसाच राहिला. व्यापलेल्या मुलुखातून सक्तीने वसूल होणाऱ्या खंडणीतून हे कर्ज फिटायचे होते. १६३० साली सम्राटाने वालेनश्टाइनला दूर केले, सावकाराची पत बुडाली, आणि त्याने आपल्याच बागेतील विहिरीत जीव दिला. युद्धात पकडलेले शिपाई तर सर्रास दुसऱ्या बाजूच्या पलटणीत भरती होत. पगार चुकता मिळाला की पंथाची अडचण फारशी येत नसे.

इथवर मुखवट्याचा सिद्धान्त बिनतोड वाटतो. पण याच खातेवहीत एक नोंद अशी आहे की, जिचा मेळ कोणत्याही हिशेबाने बसत नाही. १६२९च्या मार्चमध्ये सम्राट दुसरा फर्डिनंड विजयाच्या शिखरावर होता. त्या क्षणी त्याने फर्मान काढले की, १५५२नंतर प्रोटेस्टंटांनी ताब्यात घेतलेल्या चर्चच्या साऱ्या मालमत्ता परत कराव्यात. त्याच्या मुलाला यातून बिशपपदे मिळायची होती, तेव्हा लोभ अजिबात नव्हता असे म्हणता येणार नाही. तरीही राज्यकारभाराच्या दृष्टीने हा शुद्ध आत्मघात होता. खुद्द वालेनश्टाइनचा त्यास विरोध होता. सम्राटाशी निष्ठा राखून असलेला सॅक्सनीचा लूथरपंथी इलेक्टर या फर्मानाने दुखावला आणि १६३१मध्ये स्वीडनला जाऊन मिळाला. फर्डिनंडचा जेझुइट गुरू लामोर्मेनी याचे म्हणणे असे की, ईश्वराने विजय दिला तो याच कार्यासाठी. फर्डिनंडाची त्यावर श्रद्धा होती. मिटू शकणारे युद्ध आणखी एकोणीस वर्षे चालले. १६३१च्या मे महिन्यात माग्डेबुर्ग शहर पडले, तेव्हा सुमारे पंचवीस हजारांपैकी वीस हजार माणसे मेली.

म्हणून माझे म्हणणे असे की, धर्म हा मुखवटा असतो तेव्हाही तो निष्क्रिय नसतो. तडजोडीला तो पाप ठरवतो. आणि अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर तो शिपायाच्या मरणाची किंमत उतरवतो. दारूगोळा आणि धान्य राजाला रोखीने विकत घ्यावे लागते. मरायला तयार असलेला माणूस त्याला परलोकीच्या हुंडीवर मिळतो. १०९५ साली क्लेर्मों येथे पोप दुसऱ्या अर्बनने जेरुसलेमच्या मोहिमेवर जाणाऱ्यांना प्रायश्चित्तातून मुक्तीचे आश्वासन दिले. सप्टेंबर २०२२मध्ये रशियाने सैन्यभरतीचा हुकूम काढल्यावर चारच दिवसांनी मॉस्कोचे धर्मप्रमुख किरील यांनी प्रवचनात सांगितले की, लष्करी कर्तव्य करताना मरणाऱ्याची सारी पापे धुतली जातात. ज्या युक्रेनविरुद्ध ही भरती होती तेथील बहुसंख्य जनताही ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीच! नऊशे वर्षांत हुंडीचा मजकूर फारसा बदललेला नाही.

ती वटवली जाते, कारण गरिबाजवळ न्यायाची दुसरी भाषा पुष्कळदा नसते. १५२५ साली जर्मन शेतकऱ्यांनी बंड केले तेव्हा त्यांच्या बारा मागण्यांपैकी तिसरी अशी होती की, ख्रिस्ताने आपले रक्त सांडून धनगरालाही सोडवले आणि राजालाही, तेव्हा आम्ही कुणाचे भूदास नाही. ज्या लूथरच्या शिकवणुकीतून त्यांनी हे उचलले, त्याने सरदारांना लिहून कळवले की, या बंडखोरांना खुशाल कापून काढा. सुमारे एक लाख शेतकरी मारले गेले असा अंदाज आहे. एंगेल्सने १८५० साली या बंडावर पुस्तक लिहिले, त्याचे वाचन आपल्याकडे अलीकडे कमी झाले आहे. थॉमस म्युंत्सरचा धर्म आणि लूथरचा धर्म एकाच ग्रंथातून निघाले. त्यांतला एक शेतकऱ्यांबरोबर वधस्तंभापर्यंत गेला. धर्म म्हणजे राजाचा मुखवटा, एवढेच म्हणून थांबलो तर म्युंत्सर आपल्या हाती लागत नाही. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपुरात उपोषण केले, ते विठ्ठल खोटा आहे हे सिद्ध करण्यासाठी नव्हते.

तीस वर्षांचे युद्ध १६४८ साली वेस्टफालियाच्या तहाने मिटले. ख्रिस्ताचा खरा पंथ कोणता, या प्रश्नाचा निर्णय कोणी केला नाही. १ जानेवारी १६२४ या दिवशी जे चर्च ज्याच्या ताब्यात असेल ते त्याचे, असा कारकुनी तोडगा निघाला. पोप दहाव्या इनोसंटने हा तह रद्दबातल असल्याचे जाहीर केले, आणि कॅथॉलिक राजांनीही तिकडे लक्ष दिले नाही. स्वीडनच्या सैन्याचा थकलेला पगार भागवण्यासाठी पन्नास लाख थेलर ठरले. ही रक्कम साम्राज्याच्या दहापैकी सात विभागांवर बसवण्यात आली. त्या विभागांत प्रोटेस्टंट संस्थाने होती, तशीच कॅथॉलिक बिशपांची राज्येही होती. वसुली दोन्हीकडून झाली.