सांत्वन आणि तपासणी

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे 'विक्रम' चंद्रावर आदळले, तेव्हा पंतप्रधानांनी इस्रोचे अध्यक्ष के. सिवन यांना जवळ घेतले. ते दृश्य पाहून घरोघरी डोळे पाणावले. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी दुसरे 'विक्रम' अलगद उतरले आणि देश आनंदला. या दोन तारखांमधल्या चार वर्षांविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. मला तीच अधिक मोलाची वाटतात.

चंद्रावर हवा नाही, म्हणून हवाई छत्री निरुपयोगी. पृथ्वीवरून सूचना द्यावी, तर संदेश जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. तेव्हा उंची आणि वेग यानानेच मोजायचा. आमच्या मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर पाण्याची खोली मोजणारे यंत्र असते. आवाज तळावर आपटून किती वेळात परततो, त्यावरून खोली कळते. लेसर उंचीमापकाचे तत्त्व तेच. फक्त आवाजाच्या जागी प्रकाश. कोकण रेल्वेची गाडी समोरून निघून जाताना शिट्टीचा सूर उतरतो, तसाच परतणाऱ्या लेसर किरणात फरक पडतो आणि यानाचा वेग कळतो. हे लेसर वेगमापक चांद्रयान-३ वर नव्याने बसवले होते. जोडीला रडार आणि कॅमेरे होतेच.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. तिथे स्ट्राँगरूम दोघांच्या दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. हा कोणावरचा अविश्वास नव्हे, ती शिस्त आहे. यानातही एका उपकरणाचे माप दुसऱ्याने पडताळायचे असते.

पण नुसती उपकरणे बसवून भागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये जपानच्या 'हाकुतो-आर'ला विवराच्या कडेवरून जाताना उंची एकदम वाढल्याचे माप मिळाले. माप खरे होते; संगणकाने ते खोटे ठरवले. जमीन आली असे समजून यान सुमारे पाच किलोमीटर उंचीवर राहिले आणि इंधन संपून कोसळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'ओडिसियस'चे लेसर उपकरण चाललेच नाही, कारण त्याची सुरक्षा-कळ उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली होती. यान उतरले, पण कलंडले.

आपल्याकडे चांद्रयान-३ च्या उड्डाणाआधी, जुलै २०२३ मध्ये, अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी आधीच्या अपयशाची कारणे जाहीरपणे सांगितली. पाच इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त झाला, चुका साठत गेल्या, यानाला हवे तितक्या वेगाने वळता आले नाही आणि उतरण्याची जागा जेमतेम अर्धा किलोमीटर लांब-रुंद होती. नव्या यानासाठी ती ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद ठेवली. पाय भक्कम केले, इंधन वाढवले.

आपल्या घरांत मूल नापास झाले की एक तर बोलणी बसतात, नाहीतर 'जाऊ दे' म्हणून पाठीवरून हात फिरतो. हात फिरवावाच. मात्र दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका घेऊन त्याच्याशेजारी कोण बसते? गणित कुठल्या पायरीवर चुकले, हे शांतपणे शोधणारे माणूस घरात हवे. इस्रोने ती चार वर्षे नेमके हेच केले.