पुलाखालचे गाव

नायगाव स्थानक सोडून भाईंदरकडे निघालेली उपनगरी गाडी वसईच्या खाडीवर आली, की डब्यातील काही मंडळी दाराकडे सरकतात. कुणी हात जोडतो, कुणी पिशवीत बांधून आणलेले निर्माल्य बाहेर भिरकावतो. खाली पाणी आहे, अशी सर्वांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. या दोन स्थानकांमधला लोहमार्ग सलग पाण्यावरून जात नाही. वाटेत पाणजू नावाचे बेट लागते आणि त्या बेटावर स्वतःची ग्रामपंचायत असलेले नांदते गाव आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये या पुलावरून पायी चाललेल्या पाणजूच्या एका तरुणाला धावत्या गाडीतून फेकलेल्या निर्माल्यातील नारळ डोक्यास लागला आणि त्यात त्याचा अंत झाला.

प्रवाशांच्या बेफिकिरीवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. ताशी बहात्तर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीतून अलगद सोडलेली वस्तूही सेकंदाला वीस मीटर या गतीनेच पुढे जाते, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाचे साधे गणित आहे. श्रद्धेने सोडलेला नारळ त्याला अपवाद नसतो. निर्माल्यामुळे पाणजूकर जखमी होण्याचे प्रकार त्याआधीही अनेकदा घडले होते. परंतु तो तरुण मुळात पुलावर का होता, हा प्रश्न त्या मानाने फारच थोड्यांनी विचारला. प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न आहे.

पाणजूहून बाहेर पडण्याचे मार्ग दोन. एक होडीचा. होडी भरती-ओहोटी, वारा आणि फेऱ्यांची वेळ यांना बांधलेली. दुसरा रेल्वेच्या पुलाच्या कडेने, रुळांलगत चालत जाण्याचा. पहाटेची पाळी, परीक्षेची वेळ, दवाखान्याची निकड यांपैकी काहीही भरतीच्या कोष्टकाप्रमाणे येत नाही. म्हणून माणूस पुलावर जातो. आणि तो पुलावर पाय ठेवतो त्या क्षणी १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या १४७ व्या कलमाप्रमाणे तो अतिक्रमण करणारा, म्हणजेच अपराधी ठरतो. स्वतःच्या घरी जाणाऱ्या माणसाला दंड आणि कैद यांस पात्र करणारी वाट ही त्याची एकमेव भरवशाची वाट असावी, यापरती विसंगती कोणती?

या मार्गाचा इतिहास पाहिला म्हणजे ती विसंगती अधिकच बोचते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी १८६४ च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. १८६७ पासून विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी धावू लागली. म्हणजे आज चाकरमान्यांनी ओसंडून वाहणाऱ्या ज्या गाड्या पाणजूवरून जातात, त्यांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. या काळात पूल बदलले, रूळ वाढले, वाफेच्या जागी वीज आली. पाणजूला मात्र स्थानक नाही. गावाला गाडीचा आवाज मिळाला, हादरे मिळाले, वरून पडणारा कचरा मिळाला. तिकीट तेवढे मिळाले नाही.

दुर्गम हा शब्द आपण सहसा फार दूरच्या जागांसाठी राखून ठेवतो. लडाखमधील एखादे खेडे, किंवा ध्रुवाजवळची एखादी बर्फाळ वस्ती आपल्या डोळ्यांपुढे येते. तेव्हा तुलनेसाठी अशीच एक वस्ती पाहू. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर चर्चिल नावाचे गाव आहे. लोकसंख्या नऊशेच्या आत-बाहेर. हिवाळ्यात समुद्र गोठतो. शरदात पांढरी अस्वले गावाच्या सीमेपर्यंत येतात. तेथे जाणारा रस्ताच नाही. १९२९ साली रेल्वे तेथवर पोहोचली आणि तेव्हापासून जमिनीवरून जाणारा तोच एक मार्ग. (योगायोगाची गोष्ट अशी, की आपल्याकडे १७३७ मध्ये अर्नाळ्याचे बेट मराठ्यांच्या हाती येऊन तेथे तटबुरुजांचे काम सुरू झाले, त्याच सुमारास हडसन बे कंपनी चर्चिलच्या मुखाशी आपला दगडी किल्ला बांधीत होती.)

मे २०१७ मध्ये पुराने हा लोहमार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. मार्ग एका खाजगी कंपनीच्या मालकीचा होता आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याला झेपणारा नाही, अशी भूमिका तिने घेतली. जवळजवळ दीड वर्ष गाडी आली नाही. अन्नधान्य विमानाने आणावे लागले, भाव कडाडले, इंधन जहाजाने उतरवून घ्यावे लागले. अखेर २०१८ मध्ये तेथील आदिवासी समाज, उत्तरेकडील नगरे आणि काही खाजगी गुंतवणूकदार यांच्या एका गटाने तो मार्ग विकत घेतला. केंद्र सरकारने त्यासाठी अकरा कोटी सत्तर लाख डॉलरांचे साहाय्य जाहीर केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस गाड्या पुन्हा सुरू झाल्या. नऊशे माणसांसाठी एवढा खर्च कशाला, असे विचारणारे तेथेही होते. चर्चिलला बंदर आहे, पर्यटन आहे, उत्तरेवरील सार्वभौमत्वाचा राजकीय हेतू आहे, हे सर्व खरे. तरीही गाव आपले आहे, तेव्हा तेथे जाणारी वाट ही आपली जबाबदारी आहे, हे तत्त्व विलंबाने का होईना पण मान्य झाले.

मात्र त्या देशाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. दुर्गम वस्तीवरचा उपाय म्हणजे वस्तीच उचलून हलवणे, हा विचार त्याच सरकारने त्याच चर्चिलजवळ अमलात आणून पाहिला होता. १९५६ मध्ये सायिसी डेने या शिकारी जमातीला तिच्या मूळ प्रदेशातून उचलून चर्चिलच्या कडेला आणून टाकण्यात आले. शिकार सुटली, घरे धड मिळाली नाहीत, दारिद्र्य, व्यसन आणि हिंसा यांनी जमातीचा फार मोठा भाग गिळला. १९७३ मध्ये उरलेले लोक स्वतःहूनच आत एका सरोवराकाठी परत गेले. सरकारने क्षमा मागितली ती २०१६ साली. ‘बेटावर राहण्याचा हट्ट का? नायगावात घर घ्या!’ असे पाणजूकरांना सुचवणाऱ्या आपल्याकडील शहाण्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. खाडीवर, मिठागरावर, मासळीवर जगलेल्या माणसाला चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसवले म्हणजे त्याचे प्रश्न सुटतात, असे मानायला अनुभवाचा आधार नाही.

चर्चिल आणि पाणजू यांच्यात हवामानाचा फरक आहेच. पण महत्त्वाचा फरक दुसराच. चर्चिल खरोखरीच दूर आहे. पाणजू कुठल्या अर्थाने दूर आहे? ज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती असे वसई-विरार शहर त्याच्या उत्तरेला, भाईंदर दक्षिणेला आणि मुंबईची गाडी डोक्यावर. त्याचे दूरपण अंतराचे नसून जबाबदारीच्या वाटणीचे आहे. पूल रेल्वेचा, तिच्या दृष्टीने पुलावर कुणी चालूच नये. खाडी बंदर खात्याची; त्याचे काम परवाने देण्याचे. गाव ग्रामपंचायतीचे, तिच्या तिजोरीत पुलाचा एक खांबही उभा राहणार नाही. महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली, पण पाणजूचा कारभार पंचायतीकडेच राहिला. खाडीचे दोन काठ दोन वेगळ्या जिल्ह्यांत. ज्याच्या-त्याच्या कार्यालयात ज्याचे-त्याचे उत्तर तयार आहे आणि प्रत्येक उत्तर आपापल्या जागी नियमाला धरून आहे!

अर्नाळ्याच्या बेटावरही थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते. विरारच्या किनाऱ्यासमोर, वैतरणेच्या मुखाशी असलेल्या या बेटावर किल्ल्याभोवती मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. सुटीच्या दिवशी किल्ला पाहायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना होडीपर्यंत गुडघाभर पाण्यातून जाण्याची गंमत वाटते. रोज बाजारहाट घेऊन, आजारी माणूस किंवा बाळंतीण उचलून त्याच पाण्यातून वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्यांना ती गंमत वाटत नाही. शिवाय पावसाळ्यात समुद्र किनाऱ्यावरची घरे खातो ते वेगळेच.

पैसा नाही, हे उत्तर आता पटण्यासारखे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच खाडीत वसई ते भाईंदर अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या नारंगी-मारंबळपाड्याहून पलीकडे जलसारला जाणारी दुसरी. या सेवांना विरोध करण्याचे कारण नाही. त्यांनी हजारोंचा वळसा वाचवला आहे. पण मोटारीला खाडी ओलांडून देण्यासाठी जेट्टी, खोलीकरण आणि निविदा यांची जुळवाजुळव होऊ शकते, तर पाणजूच्या होडीला वेळापत्रक, रात्रीची फेरी आणि आजाऱ्यासाठी राखीव बोट का मिळू नये? एस. टी.ची गाडी एखाद्या वाडीवर चार उतारूंसाठी जाते तेव्हा आपण नफ्या-तोट्याचा हिशेब विचारीत नाही. होडी ही पाणजूची एस. टी. आहे, एवढे मान्य केले तरी अर्धे काम होईल.

उरलेले अर्धे रेल्वेच्या हातात आहे. रुळांपासून कठड्याने वेगळी केलेली पादचारी पट्टी आणि तिच्यावर जाळीचे छत, ही काही अभियांत्रिकीची शिकस्त नव्हे. नायगाव-भाईंदर रस्तापुलाची चर्चा गेले दशकभर चालू आहे. तो पूर्ण होईल तेव्हा पाणजूला उतरण्याची वाट त्यात असली पाहिजे, हे खरेच. पण त्या पुलाकडे बोट दाखवून आजची पट्टी लांबणीवर टाकणे योग्य नाही. रस्ता आला की त्यामागून जमिनीचे दलालही येतील, अशी भीती बेटांवरच्या माणसांना वाटली तर नवल नाही. महानगरपालिका झाली तेव्हा या तालुक्यातील कितीतरी गावांनी तिच्यात जाण्यास जो कडवा विरोध केला, त्याच्या मुळाशीही गाव हातचे जाईल हीच चिंता होती. तेव्हा कोणती वाट हवी आणि केवढी, हे आधी ग्रामसभेत विचारले जावे.

आणि निर्माल्याचे काय? त्यासाठी कोणत्याही खात्याच्या मंजुरीची गरज नाही. त्या गाडीत रोज आपणच असतो. शिक्षक, कारकून, विद्यार्थी. नायगाव किंवा भाईंदर स्थानकाच्या फलाटावर निर्माल्याचा कलश ठेवला गेला तर उत्तमच. तो ठेवला जाईपर्यंत पिशवी घरी परत नेता येते.