अपयश एकीचे, शिक्षा सगळ्यांना?

मारेकरी स्त्रीला नायिका करणारा हॉलिवूडचा ‘इलेक्ट्रा’ २००५ साली आला आणि आपटला. चित्रपट वाईट होता, समीक्षकांनी झोडपला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या निवाड्याबद्दल. २०१४ साली मार्व्हलचे प्रमुख आयझॅक पर्लमटर यांनी सोनीच्या प्रमुखांना ई-मेल पाठवून ‘इलेक्ट्रा’, ‘कॅटवुमन’, ‘सुपरगर्ल’ अशी स्त्रीप्रधान चित्रपटांच्या अपयशाची यादीच दिली. १९९७ सालचा ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ही असाच फसला होता. म्हणून पुरुष नायक नकोत, असे कोणी म्हटले काय? २००५ सालीच बॅटमॅन नव्या दमाने परतला!

हा न्याय आम्हाला चांगलाच ओळखीचा आहे. जव्हार-मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र. तेथे सरपंचपद आदिवासींना राखीव; २०११ पासून निम्मा वाटा स्त्रियांचा. वारली, कातकरी बाई सरपंच झाली आणि पाड्यावर पाणी आले नाही, की ‘यांना कारभार जमत नाही’ म्हणायला सारे मोकळे. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हा निर्णय काय त्या बाईने घेतला?

२०१७ साली ‘वंडर वुमन’ने ८० कोटी डॉलरहून अधिक कमावले. संधी मिळाली म्हणूनच ना? कारभार जरूर तपासा, पण ज्याचा त्याचा. एकीच्या चुकीवर साऱ्या स्त्रियांना, साऱ्या समाजाला नालायक ठरवणारी मनुवादी फूटपट्टी आता मोडलीच पाहिजे.